सोलापुरात बघण्यासारखं काय आहे? आधी तारीख सांगा

पूर्वभागवाला:

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी इथं विचारतंच, की अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करायचंय, मधे एक दिवस सोलापुरात मुक्काम आहे, बघण्यासारखं काय आहे? खाली ठरलेली उत्तरं येतात. सिद्धेश्वर मंदिर बघा, भुईकोट किल्ला बघा, चादर घ्या, शेंगाची चटणी घ्या आणि निघा. मग तो माणूस मे महिन्यात येतो, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत रिक्षानं फिरतो आणि परत जाऊन लिहितो की ठीक आहे, विशेष काही नाही, धूळ फार. मला राग येत नाही, त्याचं खरंच आहे. मे महिन्यातल्या कुठल्यातरी मंगळवारी सोलापुरात खरंच फार काही दिसत नाही.

पण तोच माणूस १२ जानेवारीला आला असता तर? सकाळी हुतात्मा चौकात चार पुतळ्यांना हार पडत असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गावात गोळीबार झाला, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. नावं नीट वाचा, त्यात सोलापूरच्या पेठा दिसतील. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतला पोरगा, 'गझनफर' नावाचा पेपर चालवायचा. शाळेत आम्हाला ही नावं पाढ्यासारखी पाठ करून घेतलेली, अजून एका दमात म्हणू शकतो.

आणि दुसऱ्याच दिवसापासून सिद्धेश्वराची यात्रा. म्हणजे आदल्या दिवशी हुतात्म्यांना हार आणि दुसऱ्या दिवशी नंदीध्वज रस्त्यावर. १३ ला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला संमती कट्ट्यावर अक्षता, १५ ला होम, १६ ला शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायची, आणि संपलं. तीसेक फुटी सात काठ्या, एकेक काठी कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवून माणूस एकटा पेलतो आणि चालतो, अवतीभवती बाकीचे बाराबंदी घातलेले, तोल गेला तर सावरायला. नंदीध्वज म्हणजे काय ते लांबच्या माणसाला फोटोत कळत नाही. काठी हलते तेव्हा रस्त्यावरच्या हजारो माणसांचा श्वास एकदम थांबतो, ते तिथं उभं राहूनच कळतं.

अक्षतेचं थोडं सांगतो कारण बाहेरच्यांना ते माहीतच नसतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण. गावात तळं खोदलं, लिंगं स्थापली. एका कुंभार कन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचं असा हट्ट धरला. ते म्हणाले मी संन्यासी माणूस, तर माझ्या योगदंडाशी लग्न कर. आमची पाच दिवसांची यात्रा म्हणजे त्या लग्नाचे विधी. हळद-तेल, अक्षता, होम, सगळं लग्नातलंच. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हटलं की लाखभर माणूस एकदम अक्षता उधळतो. आणि त्या लाखात सगळे येतात, घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, उर्दू बोलणारे.

श्रावणात आलात तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महर्षींचा रथ. हा आमचा, पद्मशाल्यांचा. सकाळी घरोघरी जानवी बदलायची, मग सगळा पूर्व भाग रस्त्यावर. नवरात्रात बतुकम्मा, बायका फुलांची उतरंड रचून भोवती फेर धरतात आणि मग ती पाण्यात सोडतात. आमच्या आजोबांची पिढी तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून आली ती हातमाग घेऊन आली आणि सोबत हेही घेऊन आली. एप्रिलमध्ये आलात तर आंबेडकर जयंती, जी १४ तारखेला सुरू होते एवढंच नक्की, संपते कधी ते मंडळांना विचारा. गणपतीत आलात तर लेझीम. आणि नुसतं गल्लीतलं पाच-दहा पोरांचं लेझीम नाही, शेकडोंचे ताफे, महिना-दीड महिना आधीपासून रात्री मैदानात प्रॅक्टिस चाललेली असते.

आता हे असं का, यावर माझा आपला एक अंदाज आहे. १८६० ला रेल्वे आली, कापूस इथं होताच, १८७० च्या दशकात आम्ही जिला 'जुनी मिल' म्हणतो ती उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. त्याच दशकात मोठा दुष्काळ पडला होता, गावाकडची माणसं पोटासाठी मिलच्या दारात आली. म्हणजे ह्या शहरात जी माणसं आली ती कामाला आली. त्यांच्याकडे वाडे बांधायला, घाट बांधायला पैसा कधी नव्हता, दहा-बारा तासांची पाळी करून आल्यावर अंगात जीवही नव्हता. त्यांच्या हातात फक्त सुटीचा दिवस होता. तर त्यांनी सुटीचा दिवस बांधला. पुण्या-कोल्हापुरात राजांनी आणि सरदारांनी बांधून ठेवलेलं लोक तिकीट काढून बघतात, आमच्याकडचं दरवर्षी नव्यानं उभं करावं लागतं, आणि पाच दिवसांनी परत काहीच नसतं, होम मैदान मोकळं.

मी स्वतः युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे, वडील मागावर होते, आई विड्या वळायची. पूर्व भागात जन्मलो आणि तिथंच आहे. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. तुमच्याकडं काय काय आहे ते टाका, भांडायचं असेल तर भांडा.

लष्करवाला:

काय लिहिलास बे! अंगावर काटा आला. फक्त एक राहिलं, वासरू. होमाच्या रात्री वासराला दिवसभर उपाशी ठेवून आणतात, त्याच्यासमोर धान्य, गूळ, गाजर वगैरे ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूततं का, यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. भाकणूक म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर छापून येतं. आमचे एक काका मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर होते, वर्षभर सगळे सरकारी अंदाज वाचायचे पण वासरू काय म्हणालं हे विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत.

निशिगंधा:

छान लिहिलंय. मी मूळची सोलापूरची, आता हैदराबादला. इथं बतुकम्मा म्हणजे केवढा मोठा इव्हेंट, स्टेज, लाईट, पाहुणे. मला मात्र आमच्या वाड्यातलीच बरी वाटते. तिथं फुलं विकत कुणी आणायचं नाही, पोरं सकाळी सायकल घेऊन शहराबाहेर जायची आणि जे मिळेल ते तोडून आणायची. आणि गाणी तेलुगूत पण मधे मधे मराठी शब्द घुसलेले, कारण आमच्या पिढीला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. इथल्या मैत्रिणी माझं तेलुगू ऐकून हसतात.

गिरणगाव_रिटर्न:

मी लालबागचा आहे म्हणून या धाग्यात नाक खुपसतो. मालक, तुमचा अंदाज पटला पण अर्धाच. सुटीचा दिवस बांधला म्हणताय, ते आमच्याकडेही झालं, गणपती बघा. पण मिल गेल्या, चाळी गेल्या, टॉवर आले, आता दहा दिवस लालबागला लोक बाहेरून येतात आणि आतली माणसं बदलापूर-विरारहून येतात. तुमच्याकडं मिल बंद पडल्यावर काय झालं? माणसं गेली नाहीत का?

पूर्वभागवाला:

@गिरणगाव_रिटर्न, गेली की. अर्धं पुणं आमचंच आहे, रविवारी संध्याकाळी स्टेशनवर आणि स्टँडवर या, दप्तरं घेऊन उभे असतात सगळे. हुतात्मा एक्स्प्रेस ही गाडी सोलापूरनं पुण्याला पोरं पोचवायला काढलीय असं आम्ही म्हणतो. जुनी मिल साठच्या दशकातच बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. पण आमच्याकडं मुंबईसारखं एका झटक्यात नाही झालं, कारण मिलच्या शेजारी माग होतेच. मिलमधून सुटलेला माणूस पूर्व भागात कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूमवर लागला. पगार कमी, फंड नाही, पण शहर सोडायला लागलं नाही. घर चालवलं ते विडीनं. हे कुणी बोलत नाही फारसं. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, हजार विड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं चेकर त्यातल्या काही बाद करणार. पूर्व भागातली निम्मी पोरं त्या पैशावर शिकलीत, मीही.

जागेचं म्हणाल तर इथं जमिनीला मुंबईचा भाव नव्हता, म्हणून माणसं टिकली. हा नशिबाचा भाग आहे, आमचं काही मोठेपण नाही.

विडी_घरकुल:

विडीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आमचं घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आहे. दहा हजार घरं, विडी कामगार बायकांच्या नावावर. २००६ ला चाव्या मिळाल्या, तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्याच्या पुढं आता रे नगर झालंय, ती तीस हजारांची योजना, पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ ला दिली, तेव्हा पंतप्रधान मोदी आले. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की किल्ला दाखवता, एकदा ही वसाहत दाखवा की. दारावर बाईचं नाव आहे, हे मला तरी किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं. यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते आमच्या सासूबाईंना विचारा, लाल झेंडा घेऊन कलेक्टर ऑफिसवर बसायच्या, आणि बसल्या बसल्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या.

आता तिथं पाणी, बस, शाळा यांची रड आहेच, ती वेगळी. शहरातून लांब पडतं. सकाळी कामाला जायचं तर रिक्षाला शेअर करून.

उजनी_कोरडी:

पाण्याचं नावच काढू नका ताई. उजनी भरलेली असते, टीव्हीवर दाखवतात दरवाजे उघडले, आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. सोलापूरची खरी परंपरा ही बघा, पाण्याच्या दिवशी पाहुण्यांकडं जायचं नाही आणि पाहुण्यांनी यायचं नाही. मुलगी बघायला जाताना सुद्धा विचारतात, तुमच्याकडं पाण्याचा वार कोणता. 😀

सेटलमेंटचा_नातू:

लेख चांगला आहे पण मला एक खटकलं म्हणून लिहितो, राग नसावा. "माणसं कामाला आली" असं लिहिलंय. सगळी आली नाहीत. काही आणली. आमची आणलेली. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला आणि नंतर सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली. दिवसातून हजेरी. बाहेर जायचं तर पास. आणि त्या कुंपणातल्या माणसांना मिलमध्ये कामाला लावलं, म्हणजे मिलला स्वस्तात हात मिळाले आणि सरकारला वाटलं आम्ही सुधारलो. पोरांना आईबापांपासून वेगळं काढून ठेवायचे. स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, आमचा कायदा रद्द झाला १९५२ ला, ३१ ऑगस्टला. पाच वर्षं भारत स्वतंत्र होता आणि आमचे आजोबा हजेरी देत होते.

तुम्ही तारखांची यादी केली म्हणून सांगतो, त्यात ३१ ऑगस्ट टाका. विमुक्त दिन. आमच्याकडं त्या दिवशी कार्यक्रम असतो, भाषणं, जेवण, म्हातारी माणसं बोलतात. पाटीवर अजून सेटलमेंट फ्री कॉलनी असंच नाव आहे. रिक्षावाल्याला सांगितलं तर एकदा वळून तोंडाकडं बघतो, अजून.

पूर्वभागवाला:

@सेटलमेंटचा_नातू, राग कशाचा दादा. ३१ ऑगस्ट यादीत घेतला. कार्यक्रम कुठल्या वेळेला असतो ते टाका म्हणजे इथले ज्यांना यायचंय ते येतील, मी तर येतोच. आणि एक विचारतो, त्या काळातलं काही उरलंय का, तार, खांब, ऑफिसची इमारत?

सेटलमेंटचा_नातू:

तारेचं काही नाही उरलं. लोकांनीच उपटली असेल आणि बरंच झालं. कार्यक्रम संध्याकाळी. या, चहा पाजतो.

चाटी_गल्ली:

चादरीबद्दल कुणीच लिहिलं नाही आणि धागा सोलापूरचा! असं कसं चालेल. माझं दुकान आहे म्हणून जाहिरात समजू नका, दुकानाचं नाव सांगणारच नाही. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मिळालं, म्हणजे सोलापुरी नाव लावून दुसरीकडं बनवलेला माल विकायचा नाही असा कायदा. तरी तुम्हाला मुंबई-पुण्यात फुटपाथवर दोनशे रुपयाला 'सोलापुरी' मिळते, ती पानिपतहून आलेली असते. ओळखायची कशी? खऱ्या चादरीला उलटी-सुलटी नसते. दोन्हीकडून डिझाईन, फक्त रंगांची अदलाबदल, इकडं लाल जमिनीवर पांढरा मोर तर तिकडं पांढऱ्यावर लाल. जकार्डवर विणलेली असते, छापलेली नसते. हातात घेतली की वजन लागतं. आणि नाव काठात विणलेलं असतं, शिवलेलं लेबल नव्हे.

धुतल्यावर पहिल्यांदा थोडी आकसते, मऊ होत जाते, आणि नीट वापरली तर वीस वर्षं जात नाही. हाच आमचा प्रॉब्लेम. एकदा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येतच नाही. 😂

लष्करवाला:

@चाटी_गल्ली 😂😂 खरंय बे. आमच्या घरी लग्नातली चादर आहे आजीची, ती आता भावाच्या पोराच्या पाळण्यात.

माग_बंद:

चादरीवर हसताय, हसा. माझे आठ माग होते, सगळे भंगारात घातले, किलोवर. सुताचा भाव वाढला, वीज वाढली, आणि ऑर्डरी गेल्या ब्लँकेटकडं, ते हलकं लागतं, मशीनमध्ये धुता येतं, स्वस्त. माझ्याकडं जो कामगार होता त्याचा पोरगा मागावर यायला तयार नाही आणि त्याला मी दोष देत नाही, दिवसभर उभं राहायचं, त्या आवाजात कान जातात, मला स्वतःला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. टॉवेलवाले टिकलेत कारण त्यांचा माल बाहेर देशात जातो. युनिफॉर्मवाले वाढलेत, धागाकर्ते त्यातलेच दिसतात. पण चादर विणणारा आता वय झालेलाच माणूस दिसेल तुम्हाला.

एकच सांगतो. रात्री बारा वाजता पूर्व भागात माझ्या लहानपणी शांतता नव्हतीच, खटखट खटखट, त्यातच झोपायचो. लाईट गेली की माग थांबायचे आणि आम्ही सगळे जागे व्हायचो.

होटगी_रोडकर:

माग_बंद भाऊ, तुमचं वाचून आमची चिमणी आठवली. मिलची नव्हे, साखर कारखान्याची. सिद्धेश्वर कारखान्याची नव्वद मीटरच्या वरची चिमणी, विमानतळाच्या आड येते म्हणून किती वर्षं वाद चालला, कोर्ट, मोर्चे, उपोषणं दोन्ही बाजूंची. १५ जून २०२३ ला पाडली. आमच्या गच्चीवर सगळी बिल्डिंग जमली होती मोबाईल घेऊन. बुडाशी धूर झाला, क्षणभर ती तशीच उभी, आणि मग कंबरेत मोडल्यासारखी बसली. काहींनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे एक जण कारखान्याचे सभासद, ऊस घालणारे, ते खाली निघून गेले.

मी विमानतळाच्या बाजूचा, लपवत नाही. शहराला विमान नसेल तर नवीन कंपनी येत नाही आणि पोरं पुण्यालाच जाणार. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, मुंबईचंही झालं. पण त्या दिवशी टाळ्या वाजवायला नको होत्या एवढं मात्र वाटतं. दुसऱ्याचं ते पोट होतं.

उत्तर_सोलापूर:

विमान आलं म्हणून कंपनी येते हे अजून दिसायचंय साहेब. वंदे भारत पण २०२३ लाच आली, तिनंही काय झालं, पोरं आणखी लवकर मुंबईला पोचतात.

होटगी_रोडकर:

तुमचा पॉईंट घेतला, पण दोन वर्षांत झाड लावून आंबा मागू नका.

(इथून पुढं चिमणीवरचे तेवीस प्रतिसाद ॲडमिननी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत, तिकडे भांडा.)

कोटणीस_भक्त:

चिमणी सोडा. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर कुणी लिहिलंच नाही? द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर १९१०. १९३८ ला भारतातून जी डॉक्टरांची तुकडी चीनला गेली त्यात गेले, जपानशी युद्ध चालू होतं, आघाडीवर ऑपरेशनं केली, तिथल्या नर्सशी लग्न केलं आणि १९४२ ला तिथंच वारले, वय बत्तीस. त्यांचं घर आता स्मारक आहे. चीनहून शिष्टमंडळं येतात आणि हार घालून जातात. आपले लोक त्याच चौकातून रोज गाडीवरून जातात. माझ्या ऑफिसमधल्या एकाला विचारलं तर म्हणाला कोटणीस म्हणजे शाळेचं नाव ना.

पूर्वभागवाला, तुमच्या तारखेच्या थिअरीत हे बसत नाही बघा. स्मारक बारा महिने उघडं आहे तरी कुणी जात नाही.

पूर्वभागवाला:

@कोटणीस_भक्त, उलट एकदम बसतंय की! त्या घराला गावानं तारीख दिली नाही म्हणूनच कुणी जात नाही. ९ डिसेंबर त्यांची पुण्यतिथी, १० ऑक्टोबर जयंती. हार घालण्याचा कार्यक्रम होतो, पण गल्लीतलं पोर त्यात नसतं. हुतात्म्यांचे पुतळे तसे साधेच आहेत, पण १२ जानेवारी आहे म्हणून ते जिवंत आहेत. इंद्रभुवनचं, म्हणजे महापालिकेच्या इमारतीचं, तेच. अप्पासाहेब वारदांनी एवढा देखणा वाडा बांधला, नक्षी बघत राहावी असा, आणि सोलापूरकर तिथं जातो तो घरपट्टीच्या कामाला. वर बघतो कोण!

इतिहासाची_वही:

नगरपालिकेचा विषय आहे तर नोंद करून ठेवतो. १९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेनं इंग्रज सरकार असताना आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता. मे महिन्यात जे झालं त्याच्या महिनाभर आधी. लोक मार्शल लॉ सांगतात आणि झेंडा विसरतात. मिल कामगारांचं शहर होतं म्हणून हे झालं असं माझं मत आहे. मिलच्या गेटवर सकाळी एक बातमी कळली की दुपारपर्यंत सगळ्या पेठांत जायची. त्या काळी तेवढं वेगानं माणूस एकत्र करायची सोय दुसऱ्या कुठल्या शहरात, मुंबई सोडली तर?

आणि गणपतीचं. आजोबा गणपती १८८५ पासूनचा असं सोलापुरात मानतात, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक गणपतीच्या आधीचा. हे पुण्याच्या धाग्यावर लिहू नका, तीनशे प्रतिसाद होतात.

शनिवार_पेठ:

वाचतोय आम्ही. 🙂

निशिगंधा:

खाण्यावर कुणीच भांडलं नाही अजून, आश्चर्य आहे. कडक भाकरी इथं हैदराबादला आणली होती, शेजारणीला वाटलं पापड आहे. तिला सांगितलं ही महिनाभर टिकते, दह्यात नाहीतर आमटीत कुस्करून खायची. आणि शेंगाची चटणी मिक्सरमध्ये करणाऱ्यांना माझा निषेध. उखळात कुटली की शेंगदाण्याला तेल सुटतं, ती ओलसर, गोळा होणारी लागते. मिक्सरची भुकटी होते नुसती.

उजनी_कोरडी:

शेंगाची पोळी राहिली. संक्रांतीला बाकी महाराष्ट्र तिळगुळाची करतो, आमच्याकडं शेंगाची. यात्रेतनं दमून आलं की तूप लावून दोन.

पुण्याची_सून:

नमस्कार, सगळा धागा वाचून काढला. लग्न होऊन सहा वर्षं झाली, सासर सोलापूर पण आम्ही पुण्यात, जातो ते दिवाळीत आणि मे महिन्यात, त्यामुळं सुरुवातीला तो धुळीवाला माणूस लिहिलाय ती मीच समजा. 😅 या जानेवारीत अक्षतेला यायचं ठरवतोय. सोबत माझे आईबाबा (दोघंही सत्तरीचे) आणि पाच वर्षांचा मुलगा. गर्दी झेपेल का? कुठं उभं राहायचं, किती वाजता, आणि गड्डा म्हणजे नक्की काय?

पूर्वभागवाला:

@पुण्याची_सून, या या. गड्डा म्हणजे होम मैदानावरची जत्रा. पाळणे, मौत का कुआँ, बांगड्या, भांडी, खाऊ, सगळं. अक्षतेच्या दिवशी मात्र आईबाबांना संमती कट्ट्याच्या अगदी जवळ नेऊ नका, तिथं सकाळपासून माणूस बसलेला असतो आणि नंतर हलता येत नाही. त्यापेक्षा बाळीवेसला, नंदीध्वज निघतात त्या रस्त्यावर कुणाच्या तरी ओट्यावर बसवा. ओळख नसली तरी चालतं, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची दिल्याशिवाय त्या रस्त्यावरचं घर राहत नाही. काठ्या समोरनं जातात, निवांत दिसतं. तुम्ही दोघं पुढं मंदिराकडं जा. अक्षता घरातूनच घेऊन निघा, खिशात, पदरात कुठंही.

गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, रस्ते बंद असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मानं या, तिकीट आत्ताच काढा.

लष्करवाला:

आणि पोराला गड्ड्यावर दुपारीच न्या, संध्याकाळी नको. संध्याकाळी पाळण्याला तासभर लाईन असते आणि धुरळा डोळ्यात जातो. पोराच्या खिशात एका चिठ्ठीवर तुमचा मोबाईल नंबर लिहून ठेवा, हे न विसरता. हरवलं तर मंदिराच्या माईकवरून पुकारतात, आमच्या घरातलं प्रत्येक पोर एकदा तरी पुकारलं गेलंय.

पुण्याची_सून:

धन्यवाद सगळ्यांना! तिकीट बघितलं, १३ तारखेचं वेटिंग ४७ दाखवतंय.

पूर्वभागवाला:

मग रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस नाहीतर एसटी बघा. वेटिंगच्या भरवशावर राहू नका, त्या दिवशी अर्धं पुणं तीच गाडी बघत असतं.